वेंटवर्थ-कूलिज हवेली बघायची तर आधी भरतीची वेळ बघा

बॉस्टनहून न्यू हॅम्पशायरमधल्या पोर्ट्समथला जाणार असाल, तर लिटल हार्बरच्या काठावरची ही पिवळी हवेली भरतीला गाठा. ओहोटीला पाणी सात-आठ फूट उतरतं आणि काठाला शेवाळलेले दगड नि चिखल उरतो. (अर्थात, कोकणातल्या माणसाला तेही आवडेल!) तिथीवरून हिशेब मांडत बसू नका, पोर्ट्समथचं भरतीचं वेळापत्रक सरळ ऑनलाइन मिळतं.

इंग्रजांच्या अमलात १७४१ ते १७६७ न्यू हॅम्पशायरचा गव्हर्नर असलेला बेनिंग वेंटवर्थ इथूनच कारभार हाकायचा. खोल्या चाळीसेक, एकमेकींना जोडत गेलेल्या. आत जायचं तर उन्हाळाच गाठा आणि टूरच्या वेळा आधी तपासा. मेअखेरीस गेलात तर लायलॅकची सुवासिक जांभळी फुलं फुललेली असतात. मग आतलं दालन हुकलं तरी चालेल.