डोक्याले ताप: शहरातल्या किशोरवयीन मुलांचा रोजचा ताण कसा मोजायचा

जळगाव, धुळे किंवा भुसावळमधल्या दहावीच्या मुलाला ‘महिनाभरात किती ताण होता?’ असं विचारलं, तर तो बहुतेक वेळा कालपरवाचंच सांगतो. चाचणीत मार्क कमी पडले की अख्खा महिना वाईट ठरतो. म्हणून रोजचं रोज विचारा. सलग 14 रात्री, 9च्या सुमारास, एका मिनिटात उरकेल एवढंच.

प्रश्नांची यादी मुलांकडूनच काढा. आठ-दहा जणांना बसवून ‘डोक्याले ताप कशाचा?’ असं विचारा. ‘ताण’ म्हटलं की परीक्षेपलीकडे फारसं निघत नाही. शाळा-क्लासची धावपळ, घरातली भांडणं, मोबाइलवरून बोलणी, नळाला पाणी येणार म्हणून मोडलेली झोप, असं बरंच येईल. त्यातल्या दहा बाबी ठेवा. प्रत्येकीपुढे दोन रकाने करा: आज घडलं का, आणि घडलं असेल तर त्रास किती, 0 ते 4. नुसती बेरीज पाहू नका. प्रत्येकी 1 गुणाच्या चार किरकोळ कटकटी आणि 4 गुणांचा एकच जबर त्रास बेरजेत सारखे दिसतात, पण त्या मुलांची गरज वेगळी असते.

राहून गेलेली रात्र सकाळी भरून घेऊ नका. रिकामी जागा म्हणजे 0 नव्हे. सरासरी भरलेल्या दिवसांचीच काढा. उन्हाळ्यात झोपेचे तासही लिहून घ्या, नाहीतर उकाड्याची चिडचिड अभ्यासाच्या खात्यावर जाते.

जोडीला 1983 साली कोहेन व सहकाऱ्यांनी मांडलेल्या ‘परसीव्ह्ड स्ट्रेस स्केल’ची (माणसाला स्वतःला किती ताण जाणवतो ते मोजणारी प्रश्नावली) 10 प्रश्नांची आवृत्ती सुरुवातीला एकदा द्या. एकूण गुण 0 ते 40. प्रश्न 4, 5, 7 आणि 8 यांचे गुण उलटे धरायचे, म्हणजे 0 चे 4, 1 चे 3, असे. घोळ इथेच होतो. न वाचता सगळीकडे 4 लिहिणाऱ्याचे 24 होतात, सगळीकडे 0 लिहिणाऱ्याचे 16. दोन्ही आकडे साधारण वाटतात, म्हणून बेरजेआधी प्रत्येक कागद डोळ्यांखालून घाला. यावरून आजाराचं निदान होत नाही.

आईवडिलांची लेखी संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही घ्या. कागदावर नावाऐवजी क्रमांक टाका. नाव-क्रमांकांची यादी एकाच जबाबदार माणसाकडे कुलपात ठेवा आणि वर्गशिक्षकांना कागद दाखवू नका. ते वाचतील असं वाटलं की मुलं सगळीकडे 0 लिहितात.

कागद रोज तपासा. कुणी जगणं नको झाल्यासारखं लिहिलं, तर 14 दिवस संपायची वाट पाहायची नाही. क्रमांकावरून मूल शोधून त्याच दिवशी समुपदेशकाला भेटवा, त्याला एकटं सोडू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक पहिल्याच कागदावर ठळक छापा.