गणपतीला गावी निघण्याआधी मेकॅनिक शोधताना

मेकॅनिक शोधायचा तो गाडी ठणठणीत असताना. चतुर्थीला आठवडा उरला की मुंबई-ठाण्यातल्या प्रत्येक गॅरेजसमोर कोकणात निघालेल्या गाड्यांची रांग लागते. अशा गर्दीत चांगला माणूससुद्धा घाईत हात फिरवतो. म्हणून निघण्याच्या महिना-दीड महिना आधीच कामाला लागा.

विचारायचं कुणाला? आधी टुरिस्ट टॅक्सीवाल्यांना. गाडी दिवसभर उभी राहिली तर त्यांची त्या दिवसाची कमाई बुडते, त्यामुळे फसवणाऱ्याकडे ते दुसऱ्यांदा जात नाहीत. त्यातही तुमच्याच मॉडेलची गाडी चालवणारा गाठा. ‘मेकॅनिक चांगला आहे का’ असं विचारलं तर कुणीही ‘हो’ म्हणतो. ‘काम बिघडलं तेव्हा त्याने काय केलं’ हे विचारा. परत बोलावून पैसे न घेता दुरुस्त करून दिलं, असं कुणी सांगितलं तर ते नाव लिहून ठेवा. गाडी वॉरंटीत असेल तर मात्र कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरलाच न्या.

पहिल्या भेटीत मोठं काम देऊ नका. ऑइल आणि फिल्टर बदलायला न्या आणि तिथेच थांबा. ‘आवाज येतो’ म्हटल्यावर लगेच पाना उचलणारा मला पटत नाही. मी आता ज्यांच्याकडे जातो त्या काकांनी पहिल्यांदा बॉनेट उघडलंच नव्हतं. गाडी थंड असताना येतो की तापल्यावर, डावीकडे वळताना की खड्ड्यात, एवढं विचारून ते शेजारी बसले आणि मला गल्लीतून दोन चकरा मारायला लावल्या. म्हणून जाताना आवाज कधी, कुठे, किती वेगाला येतो हे कागदावर लिहून न्या. मागची बिलंही सोबत असू द्या, आणि गाडी सोडताना किलोमीटरच्या आकड्याचा फोटो काढा.

पैशांचं बोलणं कामाआधी. पार्टचे किती, मजुरीचे किती, हे वेगवेगळं लिहून घ्या. ठरल्यापेक्षा जास्त काही निघालं तर आधी फोन करा, हे स्पष्ट सांगा. आणि काढलेले जुने पार्ट व नव्याचे खोके परत मागा. यावर मी अडून बसतो, कारण एका वर्षी बिलात ‘पुढचे ब्रेक पॅड नवीन’ असं लिहिलेलं होतं आणि मी ते वाचून निर्धास्त झालो होतो. कशेडी घाट उतरताना पुढच्या चाकातून करकर सुरू झाली. मागच्या सीटवर आई आणि मुलं. भरणे नाक्यावर एका मेकॅनिकने चाक काढलं, तर पॅड झिजून नुसती लोखंडी पट्टी डिस्कला घासत होती. डिस्कवर नख फिरवलं तर चर हाताला लागत होते. पॅड बदललेलेच नव्हते.

घाटासाठी तुम्ही निवडलेल्या मेकॅनिककडून ब्रेक आधी बघून घ्या. पॅड किती उरलेत ते डोळ्यांनी पाहा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. मग लांब उतारावर ते तापून उकळलं की पेडल मऊ पडतं. म्हणून दोन वर्षं झाली असतील तर ते बदलाच. टायरची नक्षी 1.6 मिलिमीटरवर आली की टायर कायद्यानेच बाद होतो, पण पावसातल्या रस्त्यावर तेवढी वाट पाहू नये. कूलंट, वायपर, बॅटरी, क्लच, स्टेपनीतली हवा ही कामं त्याच फेरीत उरकतात. जॅक आणि पाना डिकीत आहेत ना, तेवढं बघा.

गाडी ताब्यात घेताना मेकॅनिकला शेजारी बसवून, जिथे आवाज यायचा त्याच गतिरोधकावरून न्या. आवाज तसाच असेल तर पैसे देण्याआधी तिथेच सांगा.

गावाकडच्या मेकॅनिकचा नंबरही आताच मिळवा. गावात वडाप, म्हणजे शेअरिंगची प्रवासी गाडी, चालवणारे अचूक नाव सांगतील. महाड, चिपळूण, लांजा, कणकवली, असा तुमच्या वाटेवरचा एकेक नंबर जमला तर उत्तमच. हे नंबर मोबाइलमध्ये तर ठेवाच, शिवाय कागदावर लिहून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. घाटात बॅटरी संपलेला मोबाइल कामाचा नसतो.