हेल्थकिटमधून मागच्या 7 दिवसांचा डेटा काढायचाय? आधी तारखा नीट करा

हेल्थकिट म्हणजे आयफोनमधला आरोग्याचा डेटा ॲप्सना देणारी ॲपलची सोय. त्यातून आयफोनच्या ॲपमध्ये मागच्या 7 दिवसांची पावलं दाखवायची, एवढंसंच काम, पण माझे त्यात दोन दिवस गेले आणि चूक क्वेरीत (डेटा मागणाऱ्या कोडमध्ये) नव्हतीच, तारखांमध्ये होती.

मी आत्ताच्या वेळेतून 7 गुणिले 86400 सेकंद वजा केले होते. म्हणजे दुपारी 3 ला ॲप उघडलं की पहिला दिवस दुपारी 3 पासूनच सुरू, आणि त्या दिवसाचा बार कायम बुटका. शिवाय जिथे घड्याळं मागेपुढे करतात तिथे एखादा दिवस 23 किंवा 25 तासांचा असतो, तिथे हे गणित अजूनच गंडतं. म्हणून सेकंद मोजूच नका. कोडमधल्या कॅलेंडरला स्टार्टऑफडे (दिवस कधी सुरू झाला ते) विचारून आजची सुरुवात घ्या, त्यातून कॅलेंडरकडूनच 6 दिवस मागे जा (आज धरून 7 होतात ना), आणि शेवट म्हणजे आत्ताची वेळ.

परमिशनचं थोडक्यात, इन्फो डॉट पीलिस्टमध्ये (ॲपच्या माहितीची फाइल) हेल्थ डेटा कशाला वाचताय त्याचं कारण लिहा, नाहीतर परमिशन मागतानाच ॲप क्रॅश होतं. आणि युजरने वाचायला नाही म्हटलं तरी तुम्हाला एरर येत नाही, दुसऱ्या ॲप्सचा डेटा नुसता दिसतच नाही. प्रायव्हसीसाठी मुद्दाम तसं ठेवलंय, त्यामुळे रिकाम्या ग्राफवर "तुम्ही चाललाच नाहीत" असलं काही लिहू नका बाबा.

आता क्वेरी. सॅम्पल क्वेरी (प्रत्येक नोंद सुटी देणारी) चालवून सगळे आकडे स्वतः बेरजेला घेऊ नका, कारण फोन आणि घड्याळ दोन्ही तीच पावलं मोजतात आणि बेरीज फुगते. स्टॅटिस्टिक्स कलेक्शन क्वेरी घ्या, ती दोन्हीकडचं एकत्र करून देते. ऑप्शन क्युम्युलेटिव्ह सम (एकूण बेरीज), इंटर्वल 1 दिवस, अँकर डेट (दिवस कुठून मोजायचे तो क्षण) म्हणजे कुठल्याही दिवसाची मध्यरात्र, आणि निकाल आला की एन्युमरेट करताना (एकेक दिवस वाचताना) वरच्याच दोन तारखा द्या. ज्या दिवशी डेटा नाही त्या दिवशी बेरीज निल (काहीच नाही) येते, तिथे फोर्स अनरॅप केलंत, म्हणजे आकडा असणारच असं धरलंत, तर ॲप क्रॅश, मेलात. निकाल बॅकग्राउंडला येतो, स्क्रीन बदलायची ती मेन थ्रेडवरच (स्क्रीन सांभाळणाऱ्या मुख्य धाग्यावर).

वजन किंवा हार्ट रेटच्या नोंदी सुट्ट्या हव्या असतील तर मात्र सॅम्पल क्वेरीच बरी, स्टार्ट डेटवर उलटं सॉर्ट करा आणि लिमिट द्या. प्रेडिकेटला (कुठल्या तारखांच्या नोंदी हव्यात त्या अटीला) काही ऑप्शन दिला नाही तर रेंजला नुसती चाटून जाणारी नोंदही येते, ती नको असेल तर स्ट्रिक्ट स्टार्ट डेट (नोंद रेंजच्या आतच सुरू झालेली हवी) लावा. झोपेला हे लावताना जपून, माणूस 11 ला झोपून 6 ला उठतो, रात्र मधोमध कापली जाते. झोपेसाठी मी दिवस दुपारी 12 ते दुसऱ्या दुपारी 12 असा धरतो.

अँड्रॉइडवर हेल्थ कनेक्टमध्ये (तिथली हेल्थकिटसारखी सोय) हाच प्रकार टाइम रेंज फिल्टरने होतो, बेरजेला तिथे ॲग्रिगेट वापरा. मात्र परमिशन मिळाली त्याच्या आधीचे 30 दिवसच वाचता येतात, त्याहून जुनं हवं तर हिस्टरीची परमिशन वेगळी मागावी लागते.

आणि हो, सिम्युलेटरमध्ये (कॉम्प्युटरवरचा नकली आयफोन) डेटा नसतो. हेल्थ ॲपमध्ये हाताने चार नोंदी टाका, त्यातली एक रात्री 11:50 ते 12:10 अशी टाका आणि ती कुठल्या दिवसात पडते ते बघा.