साहेबाला खरं सांगायचं कसं, आणि वेळेत कसं

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागात मशीन शॉपला नवीन लागलो होतो तेव्हाची गोष्ट आधी सांगतो, कारण मी हे सगळं तिथनंच शिकलो. सेकंड शिफ्ट होती, सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, 50 एच7 चा बोअर, म्हणजे 50 मिलिमीटरचं गोल भोक, त्याच्या वर फक्त 25 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) चालतात. इन्सर्ट, म्हणजे कापणारी पात, बदलला, ऑफसेट, म्हणजे टूल कुठं कापणार त्याचा आकडा, चुकीचा टाकला, तिसऱ्या जॉबला (तयार होणाऱ्या पार्टला) भोक मोजायचं बोअर गेज लावून बघतोय तर 40 मायक्रॉन जास्त. बोअर लहान राहिला तर परत कट घेता येतो, मोठा झाला की जॉब गेलाच. सुपरवायझर तेव्हाच दुसऱ्या पोरावर ओरडत होते, म्हणून मी गुपचूप ऑफसेट नीट केला आणि ते तीन जॉब ओकेच्या बिनमध्ये तसेच सोडले. सकाळी इन्स्पेक्शनला एक सापडला आणि मग सगळा लॉट, 120 जॉब, दोघंजण दिवसभर परत चेक करत बसले, त्यातला एक माझा रूम पार्टनर. रात्रीच सांगितलं असतं तर पाच मिनिटं बोलणी खाऊन विषय संपला असता.

तर पहिली गोष्ट, साहेबांचा मूड बघत थांबू नका. चूक जितकी जुनी होते तितकी सांगायला जड होते. जाताना पहिलं वाक्य मनात तयार ठेवा, त्यात काय झालं, किती झालं, मी काय केलं आणि तुमच्याकडनं काय पाहिजे एवढंच. "सर, तीन जॉबचा बोअर मोठा झालाय, लाल बिनमध्ये बाजूला ठेवलेत, ऑफसेट दुरुस्त केलाय, चौथा जॉब तुम्ही एकदा बघा." "सर रागावू नका हं" अशी सुरुवात नको, त्यानं समोरचा आधीच सावध होतो आणि मुद्दा मागं पडतो.

धाडस एकदम येत नाही, रोजच्या बारक्या गोष्टीत सवय लावायची. सगळ्यात सोपी म्हणजे "कळलं नाही" म्हणणं. आपल्याकडं तर हे फार लागतं, सुपरवायझर कन्नड, ऑपरेटर मराठी, कामगार हिंदी, आणि सगळेच माना हलवतात. कन्नड येत नसलं तरी "तिळीलिल्ल री" आणि "तप्पागेद री", म्हणजे समजलं नाही आणि चुकलंय, ही दोन वाक्यं पाठ करा. मोडक्या कन्नडमधनं बोललात तरी समोरच्याला बरं वाटतं, हा माझा अनुभव आहे.

दुसरी सवय, "बघूया की" बंद करा. आपण नाही म्हणायला लाजतो म्हणून बघूया की म्हणतो, समोरचा ते हो समजून पार्टीला डिस्पॅचची तारीख देऊन बसतो. "आज 60 होतील, बाकीचे उद्या दुपारी" असं आकड्यात सांगा.

सोबतच्या माणसाला काही सांगायचं असेल तर चहाला बाजूला घेऊन सांगा, चारचौघांत नको. "तू आळशी आहेस" म्हटलं की भांडणच होणार. "सोमवारी आणि मंगळवारी हँडओव्हर रजिस्टर लिहिलं नव्हतंस, मला ऑफसेट कळला नाही, माझा अर्धा तास गेला" यावर त्याला उत्तर देता येतं.

आता जे स्वतः सुपरवायझर आहेत त्यांच्यासाठी, आणि खरी जबाबदारी मला इथंच जास्त वाटते. एमी एडमंडसन नावाच्या संशोधक बाईंनी 1990 च्या दशकात हॉस्पिटलमधल्या टीम बघितल्या, तर चांगल्या टीममध्ये औषधाच्या चुकांची नोंद जास्त निघाली. चुका जास्त होत होत्या असं नाही, तिथले लोक चुका उघड बोलत होते. टोयोटाच्या लाइनवरही गडबड दिसली की साधा कामगार दोरी ओढतो, टीम लीडर धावत येतो, आणि वेळेत सुटलं नाही तर लाइन थांबते. म्हणून पोरगं वाईट बातमी घेऊन आलं की पहिलं वाक्य "बरं केलंस सांगितलंस" हेच पाहिजे, कोण चुकलं ते नंतर बघता येतं. एकदा ओरडलात की पुढचे सहा महिने तुमच्यापर्यंत काही येणार नाही.

काही ठिकाणी खरं बोललं की त्रासच देतात, तेही खरं आहे. तिथं तोंडी सांगा आणि शिफ्टच्या रजिस्टरमध्ये वेळ टाकून लिहूनही ठेवा. पण जिवाशी खेळ असेल, मशीनचं गार्ड काढलेलं असेल किंवा फाउंड्रीत ओल्या लॅडलमध्ये, म्हणजे रस ओतायच्या भांड्यात, वितळलेल्या धातूचा रस ओतायला निघाले असतील, तर ओलाव्याची वाफ होऊन तो रस अंगावर उडतो, तेव्हा वाक्य जुळवत बसू नका, जी भाषा तोंडात येईल त्या भाषेत मोठ्यानं ओरडा.