सरडे मोजायचे, पकडायचे नाहीत

नव्या बॅचचा पहिला तास मी वर्गात घेत नाही, नागपूरच्या सेमिनरी हिल्स टेकडीवर घेतो. वही, पेन्सिल, थर्मामीटर, एवढंच सामान. मोबाईल दप्तरात. तो बाहेर आला की मोजणी राहते बाजूला आणि सरड्याचं फोटोसेशन सुरू होतं.

वेळेच्या बाबतीत मी स्वतः शेण खाल्लेलं आहे. पहिल्या वर्षी मे महिन्यात भर दुपारी पोरं नेली. तासाभरात एक सरडा दिसला आणि मी खुशाल लिहून टाकलं, इथे सरडे कमी. आठवड्याने त्याच वाटेवर सकाळी सातला गेलो तर अकरा! सरडा अंगातली ऊब बाहेरून घेतो, उन्हातून, दगडातून. पण नागपूरच्या उन्हात इथला काळा बेसॉल्ट दगड तव्यासारखा तापतो, मग सरडा सावलीत नाहीतर भेगेत शिरतो. म्हणून उन्हाळ्यात सात ते नऊ. डिसेंबरात उलट, ऊन चढल्यावर, दहानंतर.

वाट 200 मीटरची, दोन्ही बाजूंना 5 मीटरपर्यंतच बघायचं. जोडीने जा, एकाने बघायचं, एकाने लिहायचं. चाल वरातीची.

सरडा दिसला की वेळ, जमिनीपासून उंची, ऊन की सावली आणि तो काय करत होता हे लिहा. ‘पळाला’ लिहिलेलं मी खोडतो. तो तुम्हाला बघून पळाला. त्याआधी काय करत होता? ऊन खात होता, मुंगी टिपत होता, की माना डोलावून दुसऱ्या नराला दम देत होता? हवेचं तापमान सावलीत घ्या. उन्हात धरलेला थर्मामीटर स्वतःच तापतो.

दगड उलटायचा मोह सोडा. खाली विंचू असतो, कधी फुरसंही. साप दिसला तर जागीच थांबा, लांबूनच नोंद करा. घोरपडीला तर हात लावायचाच नाही. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वात कडक संरक्षणाच्या यादीत, आहे ती. आणि मोजणीसाठी जंगलात शिरण्याआधी वनखात्याची परवानगी घ्या.

दर वर्षी कुणीतरी विचारतंच, “सर, आज काहीच दिसलं नाही, पान कोरं ठेवू?” नाही. तारीख, वेळ, तापमान लिहायचं आणि पुढे ठळक शून्य.