संधी खर्च मोजताना या चुका टाळा

२००५ साली अमेरिकेत अर्थशास्त्रज्ञांच्या वार्षिक अधिवेशनात १९९ जणांना एक प्रश्न विचारला गेला. गायक एरिक क्लॅप्टनच्या कार्यक्रमाचं तिकीट तुम्हाला फुकट मिळालंय, पण ते विकता येत नाही. त्याच रात्री बॉब डिलनचाही कार्यक्रम आहे. त्याचं तिकीट ४० डॉलर, तुमची तयारी ५० डॉलरपर्यंत मोजण्याची. क्लॅप्टनला गेलात तर संधी खर्च, म्हणजे सोडलेल्या सर्वांत चांगल्या पर्यायाचा हुकलेला फायदा, किती? ०, १०, ४० की ५०? बरोबर उत्तर दिलं फक्त २१.६ टक्के लोकांनी. डोळे मिटून बोट ठेवलं असतं, तरी २५ टक्के बरोबर आले असते.

उत्तर आहे १०. डिलनचं गाणं तुमच्या लेखी ५० चं, पण त्यासाठी खिशातून ४० गेले असते. हुकला तो उरलेला फायदा. सोडलेल्या पर्यायाचा लाभ धरायचा आणि त्याला लागणारा खर्च वजा करायचा राहून जायचं, ही सगळ्यात जास्त होणारी चूक.

दुसरी चूक बेरजेची. चार पर्याय सोडले म्हणून चौघांचा फायदा जोडू नका. एका पैशाने एकच काम होतं, त्यामुळे सोडलेल्यांपैकी सर्वांत चांगला तेवढाच धरायचा.

गुंतवणुकीत मला सर्वांत जास्त खटकतं ते असं: ठेवीवर ७ टक्के मिळतात, डोक्यावर ९ टक्क्यांचं कर्ज आहे, तरी ‘ठेव मोडली तर व्याज बुडेल’ म्हणून माणूस थांबतो. ठेव मोडण्याचा दंड, मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क आणि कर धरूनही हिशेब कर्ज फेडण्याकडे झुकत असेल, तर ती ठेव दरवर्षी नुकसान करते आहे. पासबुकात ते कुठेच दिसत नाही. अडीअडचणीची रक्कम मात्र बाजूला ठेवाच.

पडलेला शेअर ‘खरेदीच्या भावाला आला की विकतो’ म्हणून धरून ठेवणंही असंच. तुमचा खरेदीभाव बाजाराला ठाऊक नसतो. गेलेला पैसा संधी खर्चात येत नाही. आज हातात तेवढीच रोकड असती, तर हाच शेअर घेतला असता का? उत्तर ‘नाही’ असेल, तर कर आणि दलाली तपासून विकायचा विचार करा.

तुलना करताना जोखीम सारखी हवी. ठेवीशेजारी शेअरचा परतावा मांडून ‘इतकं गमावलं’ म्हणणं चुकीचं आहे. तसंच, वर्षभरानंतर दुप्पट झालेला शेअर पाहून हळहळूही नका. निर्णयाच्या दिवशी जी माहिती होती, तिच्यावरच हिशेब मांडायचा असतो.