पंप घेतला की झोप उडते? या चुका टाळा

रात्री अकराला पंप (इन्हेलर) घेतला. श्वास मोकळा झाला खरा, पण त्यानंतर दोन वाजेपर्यंत डोळे टक्क उघडे, छातीत धडधड, हाताची बोटं थरथरतायत. दम्याच्या किंवा सीओपीडीच्या (फुप्फुसांच्या जुनाट श्वासविकाराच्या) पेशंटला हे नवीन नाही. यावर बरेच जण परस्पर पंपच बंद करून टाकतात, आणि तिथेच घोटाळा होतो.

आधी बघा, झोप औषधाने मोडतेय की आजाराने. पंप घेतल्यावर लगेच धडधड आणि अस्वस्थपणा सुरू होऊन झोपच लागत नसेल, तर संशय औषधावर. झोप लागते, पण पहाटे तीन-चारला खोकल्याने किंवा छातीतल्या घरघरीने जाग येते, तर दोष दम्याचा. रात्री शरीरातलं कॉर्टिसोल (सूज आवरणारं संप्रेरक) उतरतं, श्वासनळ्या आकसतात, म्हणून दमा पहाटे जोर करतो. अशा वेळी पंप बंद करणं म्हणजे आगीत तेल.

सगळे पंप एकच समजणं ही दुसरी चूक. साल्ब्युटामॉल, लेव्होसाल्ब्युटामॉल हे तातडीचे पंप. काही मिनिटांत काम करतात, असर ४ ते ६ तास. अॅड्रेनलिनसारखेच ते शरीराला 'जागं' करतात, म्हणून ही धडधड. फॉर्मोटेरॉल, साल्मेटेरॉल त्याच जातीचे, पण सुमारे १२ तास टिकणारे. बुडेसोनाइड, फ्लुटिकासोन मात्र श्वासनळ्यांची सूज उतरवणारी स्टेरॉइड्स. नेहमीच्या डोसला ती सहसा झोप उडवत नाहीत. पण 'स्टेरॉइड' शब्दाला घाबरून लोक नेमका हाच पंप सोडतात! थोड्या दिवसांत सूज वाढते, तातडीचा पंप वारंवार लागतो आणि होती ती झोपही जाते. हे चक्र मला सगळ्यात घातक वाटतं, कारण पेशंटला ते दिसतच नाही. तो म्हणतो, "पंपामुळेच झोप येत नाही."

त्रास नसताना 'रात्री नको लागायला' म्हणून झोपण्याआधी तातडीचा पंप घेऊ नका. तो आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा लागत असेल किंवा दम्याने रात्री जाग येत असेल, तर दमा आटोक्यात नाही. नियमित औषध बदलायची वेळ झाली. मात्र खरोखर दम लागलाय, तेव्हा झोपेचा विचार करायचा नाही. पंप घ्यायचाच, आणि त्याने आराम पडला नाही तर सरळ हॉस्पिटल गाठायचं.

तीच गोष्ट नेब्युलायझरची, म्हणजे औषधाची वाफ करून देणाऱ्या यंत्राची. साल्ब्युटामॉलच्या पंपाच्या एका दाबाला साधारण १०० मायक्रोग्रॅम औषध निघतं. नेब्युलायझरच्या एका डोसात बहुतेकदा २.५ मिलिग्रॅम, म्हणजे २५ पट. सगळं फुप्फुसात पोचत नाही, हे खरं. तरी झोपताना सहज घेतलेली ही 'वाफ' सहज राहत नाही.

पंप नीट ओढला नाही आणि औषध जिभेवर पडलं, तर ते गिळलं जाऊन रक्तात जातं. फुप्फुसाला कमी, थरथर तेवढी पदरात. मग आणखी एक दाब. स्प्रेच्या पंपाला स्पेसर (पंप आणि तोंडामध्ये बसवायची पोकळ नळी) लावा, श्वास सावकाश ओढा, १० सेकंद रोखा. पावडरच्या पंपाला उलट: जोरात आणि खोल.

दिवसातून दोनदा घ्यायचा पंप झोपेच्या तोंडावरच घ्यावा असं नाही. सकाळी सात, संध्याकाळी सात असं १२ तासांचं अंतर चालेल का, डॉक्टरांना विचारा.

कधीकधी चोर भलताच असतो. श्वासनळ्या मोकळ्या करणारी थिओफिलिनची गोळी कॅफिनच्याच कुळातली, त्यावर संध्याकाळची कॉफी म्हणजे दुप्पट जागरण. प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी शक्यतो सकाळी घ्यायची असते. माँटेलुकास्ट या दमा-अॅलर्जीच्या गोळीमुळे काहींना वाईट स्वप्नं पडतात, मूड बिघडतो. २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने त्यावर कडक इशारा छापायला लावला. सर्दीच्या गोळीतलं स्युडोएफेड्रिनही झोप उडवतं.

झोपेची गोळी मनाने तर मुळीच नको. काही गोळ्या श्वास मंदावतात, आणि श्वासाचीच पंचाईत असलेल्याला ते महागात पडतं.

पंप किती वाजता घेतला, किती दाब, झोप कधी लागली, जाग कशाने आली, हे दोन आठवडे वहीत लिहा. डॉक्टरांकडे जाताना वहीबरोबर पंपही न्या आणि तो कसा घेता, ते त्यांच्यासमोर एकदा करून दाखवा.